काय खाल्ले म्हणजे होत नाही?

गेल्या महिन्याच्या टपालात एका वाचकभगिनीचे चार पानी पत्र आले. अक्षर वळणदार, समास नेटका सोडलेला. त्यांचे गाव माळव्यातलेच आहे. याहून अधिक ओळख आम्ही मुद्दामच देत नाही. शेजारच्या एका बाईंना स्तनांचा कर्करोग झाल्याचे कळल्यापासून त्यांच्या स्वयंपाकघरात मोठी उलथापालथ चालू आहे. सोयाबीनचे तेल बंद झाले, दूध निम्म्यावर आले, साखरेच्या जागी गूळ आला, सकाळी अनशापोटी हळदीचे पाणी सुरू झाले. आता आणखी काय काय टाळावे आणि काय काय खावे, याची एक सविस्तर यादी या सदरातून द्यावी, अशी त्यांची विनंती होती. पत्राच्या अगदी अखेरीस, सहीच्या वर, एक ओळ होती. आपल्याला स्वतःला डाव्या बाजूस सुपारीएवढे काही कठीण लागते. पण ते मुळीच दुखत नाही, तेव्हा काळजीचे कारण नसावे, अशी.

त्या ओळीचे उत्तर अंक निघेपर्यंत थांबण्यासारखे नव्हते. पत्रावर दूरध्वनीचा क्रमांक होता. त्याच संध्याकाळी आम्ही, म्हणजे खरे तर आमच्या सौभाग्यवतींनी, त्यांच्याशी बोलणे केले. त्याविषयी शेवटी सांगू. बाकीच्या चार पानांचे उत्तर आज येथे देत आहोत, कारण असली यादी मागणाऱ्या त्या एकट्याच नाहीत.

आम्ही वैद्य नव्हे. मराठी घेऊन एम. ए. झालो आणि उभा जन्म सरकारी शाळेत खडूच्या भुकटीत काढला. आमचे एक जुने विद्यार्थी आज शल्यचिकित्सक आहेत; पुढील मजकूर त्यांच्या नजरेखालून घालून घेतला आहे आणि त्यांनी एके काळी आमच्या हातून खाल्लेल्या छड्यांची व्याजासह परतफेड तांबड्या शाईने केली आहे. तरीही या विषयावर लिहिण्याचा आमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारील, तर तो आमच्या घरातूनच आला आहे.

आमच्या थोरल्या भगिनी आक्का. वडील गेले तेव्हा आम्ही सात वर्षांचे होतो आणि आक्का एकोणीस वर्षांची. इंदुरात रामबागेतील दोन खोल्यांचे बिऱ्हाड, आई, चार भावंडे आणि बालक मंदिरातील आक्काची नोकरी, एवढ्यावर तो संसार उभा होता. आम्हां भावंडांची शिक्षणे उरकेपर्यंत तिच्या लग्नाचे वय निघून गेले. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, आणि आम्हीही, लाजेने म्हणा की सोयीने म्हणा, तो विषय कधी काढला नाही. तिचे खाणे हा मात्र सगळ्या आळीच्या कौतुकाचा विषय होता. ज्या गावाची सकाळ पोहे-जिलेबीने उजाडते आणि जेथील रात्र सराफ्यात गराडू खात सरते, त्या गावात राहून तिने बाहेरचे काही खाल्लेले आम्हांला आठवत नाही. ज्वारीची भाकरी, वरण, एक पालेभाजी आणि ताक. एकादशी, संकष्टी आणि सोमवार कडकडीत.

२०१६ सालच्या आषाढात आंघोळ करताना तिच्या हाताला गाठ लागली. ती तेव्हा एकोणसाठ वर्षांची होती. आम्हांला हे कळले ते २०१७ च्या माघात, आणि तेही गाठीवरची कातडी आत ओढली जाऊन तिला हात वर करणे अवघड होऊ लागले तेव्हा. मधल्या सात महिन्यांत घरात पुतणीचे लग्न झाले, संक्रांतीचे हळदीकुंकू झाले, आक्काने पाचशे लाडू वळले. का बोलली नाहीस, असे आम्ही रागावून विचारले, तेव्हा ती म्हणाली, "दुखत नव्हतं रे. आणि घरात कार्य होतं."

पुढे शस्त्रक्रिया झाली, औषधे झाली, किरणोपचार झाले. भेटीस येणाऱ्यांची रीघ लागली. त्यांच्या प्रेमाविषयी आमची तक्रार नाही, परंतु बसल्यावर पाण्याचा पेला खाली ठेवण्यापूर्वीच प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "पण मग यांच्या खाण्यात काय आलं?" कोणी अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याकडे बोट दाखवी, कोणी पिशवीतल्या दुधाकडे, कोणी शीतकपाटातल्या शिळ्या वरणाकडे. जणू काही चोरी झाली होती आणि स्वयंपाकघराचा पंचनामा चालला होता. आरोपीच्या पिंजऱ्यात मात्र आक्का होती. एका रात्री सगळी निजानीज झाल्यावर ती आम्हांला म्हणाली, "अरे, तू एवढी पुस्तकं वाचतोस. माझं खाण्यात कुठं चुकलं ते एकदा सांग मला."

आम्ही गप्प बसलो. तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हते ते पुढे वाचून कळले, आणि कळल्यावर वाटले की हे त्या रात्री ठाऊक असते तर फार बरे झाले असते. तिच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तीनशे वर्षांपूर्वीच लिहिले गेले होते. बर्नार्डिनो रामाझिनी नावाचा एक इटालियन वैद्य, निरनिराळ्या धंद्यांतील लोकांना कोणते रोग होतात यावर ग्रंथ लिहीत होता. अठराव्या शतकाच्या आरंभी त्याने नोंदविले की, मठांत राहणाऱ्या ख्रिस्ती जोगिणींना स्तनांचा कर्करोग इतर बायकांपेक्षा अधिक होतो. पुढे १८४२ साली रिगोनी-स्टेर्न याने व्हेरोना शहरातील १७६० ते १८३९ या काळातील मृत्यूंच्या नोंदी तपासल्या आणि त्याला तेच आढळले. व्रतस्थ बायका, साधे अन्न, वर्षातून कितीतरी उपवास, आणि तरीही हा रोग त्यांच्यातच अधिक. तेव्हा आहाराची शुद्धता ही काही या रोगाविरुद्धची कवचकुंडले नव्हेत, हे तेव्हाच दिसून आले होते.

मग कारण कोणते? मुलगी वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंत स्त्रीच्या बीजकोशांत इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक तयार होते. दर महिन्याला त्याची भरती येते, तिच्याबरोबर स्तनांतील पेशींची वाढ होते, आणि वाढ जितक्या वेळा होईल तितक्या वेळा पेशीच्या घडणीत चूक होण्याचा संभव राहतो. पाळी लवकर आली, उशिरा गेली, मूल झाले नाही किंवा पहिले मूल उशिरा झाले, तर या भरत्यांची संख्या वाढते. बाळंतपण आणि अंगावर पाजणे यांनी ती घटते, शिवाय त्या पेशी पक्वही होतात. जोगिणींचे आणि आमच्या आक्काचे कोडे हे असे आहे. १९२६ साली इंग्लंडमध्ये जेनेट लेन-क्लेपन या डॉक्टरबाईंनी हा रोग झालेल्या सुमारे पाचशे आणि न झालेल्या सुमारे पाचशे स्त्रियांची शेजारीशेजारी चौकशी केली, आणि लग्नाचे वय, मुलांची संख्या व अंगावर पाजणे यांचा या रोगाशी असलेला संबंध प्रथमच आकड्यांत मांडला. २००२ साली तीस देशांतील सत्तेचाळीस अभ्यास एकत्र करण्यात आले. त्यांत सुमारे ५० हजार रुग्ण आणि ९७ हजार निरोगी स्त्रिया होत्या. त्यावरून असे दिसले की, प्रत्येक बाळंतपणामागे धोका ७ टक्क्यांनी आणि एकूण दर बारा महिने अंगावर पाजण्यामागे आणखी ४.३ टक्क्यांनी उतरतो.

आपल्याच भाषेच्या मुलखात याचा पडताळा मिळतो. भारतातील लोकसंख्येवर आधारलेली पहिली कर्करोग-नोंदणी १९६३ साली मुंबईत सुरू झाली आणि पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे. दोन्हींकडे बायका मराठीच बोलतात, पण स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण बार्शीच्या खेड्यांत मुंबईच्या मानाने बरेच कमी आढळत आले आहे. कोणी म्हणेल, हा ज्वारीच्या भाकरीचा प्रताप. भाकरीविषयी आम्हांला आदर आहे, आम्ही तिच्यावरच वाढलो. परंतु त्या खेड्यांतील स्त्रियांची पहिली बाळंतपणे लवकर होत, मुले अधिक होत, ती दोन-दोन वर्षे अंगावर पीत आणि दिवस शेतात वाकून जाई. श्रेय द्यावयाचे तर या साऱ्यांना मिळून द्यावे लागेल. यावरून मुलींची लग्ने लवकर उरकावीत असा अर्थ जो कोणी काढील, त्याला आम्ही आमच्या शाळेत पुन्हा पहिलीत बसवू. लवकरच्या बाळंतपणांनी किती आया आणि किती बाळे गेली, त्याचा हिशेब याच खेड्यांच्या स्मशानांत आहे. शिकलेली, नोकरी करणारी, तिशीनंतर आई झालेली मुलगी काही अपराध करीत नाही. तिने एवढेच ध्यानात ठेवावे की तिचा धोका किंचित अधिक आहे, आणि बाळाला अंगावर पाजण्यासाठी घराने व कचेरीने तिला सवड दिली पाहिजे.

आता तेल-तुपाकडे वळू. पत्रलेखिकेच्या चार पानांतील दीड पान त्यावरच खर्ची पडले आहे. १९७० नंतरच्या दशकात देशोदेशींचे आकडे एकापुढे एक मांडले गेले, तेव्हा ज्या देशांत स्निग्ध पदार्थ अधिक खातात तेथे हा रोगही अधिक, असे दिसले, आणि चरबी हेच मूळ असा समज जगभर पसरला. पण श्रीमंत देशांत लोणीच अधिक असते असे नाही. तेथे मोटारी अधिक असतात, मुले कमी असतात, मद्य अधिक असते. १९८७ साली अमेरिकेतील ८९,५३८ परिचारिकांच्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि अधिक स्निग्ध खाणाऱ्यांत हा रोग अधिक आढळला नाही. वाद मिटेना, म्हणून त्याच देशात ५० ते ७९ वर्षे वयाच्या ४८,८३५ स्त्रिया निवडून त्यांतील काहींना स्निग्धांश कमी व भाज्या, फळे, धान्य अधिक असा आहार देण्यात आला. सुमारे आठ वर्षांनी, २००६ साली, हिशेब झाला. कमी स्निग्ध खाणाऱ्या गटात रोग ९ टक्क्यांनी कमी होता, पण एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, असा संख्याशास्त्र्यांचा निर्वाळा पडला. सुमारे वीस वर्षांच्या हिशेबात त्या गटात या रोगाने झालेले मृत्यू एकपंचमांशाने कमी दिसले, हीही गोष्ट नमूद केली पाहिजे. तात्पर्य इतकेच की, भाकरीवरच्या चमचाभर तुपाने कर्करोग होत नाही, आणि ते सोडल्याने टळतही नाही.

तथापि तेलातुपाची, साखरेची आणि साबुदाण्याची सुटका इतक्या स्वस्तात करता येत नाही, कारण ते आतल्या दाराने येतात. पाळी गेल्यावर बीजकोश इस्ट्रोजेन करण्याचे थांबवितात. मग ते तयार होण्याचे मुख्य ठिकाण कोणते, तर अंगावरचा मेद. मेद जितका अधिक, तितके हे संप्रेरक अधिक. म्हणून पन्नाशीनंतर वाढलेले वजन हे या रोगाचे एक निश्चित कारण आहे, यावर आता जगातील तज्ज्ञांचे एकमत आहे. (पाळी चालू असण्याच्या वयात मात्र हे गणित असे जुळत नाही, पण वजन वाढते राहिले की ती बाई ते ओझे घेऊनच पन्नाशी ओलांडते.)

आता हा मेद आपल्या घरांत कसा चढतो ते पाहावे. बृहन्महाराष्ट्रातील आपली घरे गावोगावच्या चवी घेऊन बसली आहेत. बडोद्याला फाफडा आला, हैदराबादेस बिर्याणी आली, आमच्याकडे पोह्यांवर शेव आणि शेवेवर आणखी शेव आली. पण गृहिणीचे वजन वाढविणारी वस्तू बहुधा यांतली नसते. ती म्हणजे उरलेले अन्न. घरातली सगळी जेवून उठली की ती पातेली पाहते. मुलाने टाकलेली अर्धी पोळी, दोन डाव भात, तळाशी राहिलेला शिरा. "अन्न टाकवत नाही" म्हणून ते तिच्या पोटात जाते. उपवासाला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, दाण्याचा लाडू. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण काही आकाशातून पडलेली नाही. भाजी, डाळ आणि फळे ज्यांनी पोट भरावे ती मात्र शेवटी बसणारीच्या वाट्याला चमचाभर उरतात. पूर्वी जाते, पाट्यावरचे वाटण आणि विहिरीचे पाणी या साऱ्याचा जमाखर्च पुरा करीत. ते कष्ट परत यावेत असे आम्ही म्हणणार नाही, कारण म्हणणाऱ्याने ते कधी केलेले नसतात. पण रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालणे हे या रोगाचा धोका कमी करते, हे सिद्ध आहे. आमच्या शाळेतील शिक्षिकांना आम्ही हे सांगितले, तेव्हा एक बाई म्हणाल्या, "सर, अर्धा तास आहे कुठे? तो घरात कोणीतरी द्यायला हवा." आम्ही निरुत्तर झालो, आणि त्या संध्याकाळी घरी जाऊन भांडी घासली. सौभाग्यवतींनी ती पुन्हा घासली, ही गोष्ट वेगळी.

मद्याचा उल्लेख करताना आपली मासिके घसा खाकरतात. आम्ही सरळ सांगतो. खाण्यापिण्यातील सर्व वस्तूंत या रोगाशी सर्वांत पक्का संबंध मद्याचा सिद्ध झाला आहे. रोज एक लहान पेला, म्हणजे १० ग्रॅम मद्यार्क, एवढ्यानेही धोका ७ ते १० टक्क्यांनी वाढतो; आणि ती बिअर असो, द्राक्षासव असो की आणखी काही, फरक पडत नाही. आपल्या घरांत हा प्रश्नच नाही, असे म्हणणाऱ्यांनी बंगळूरला नोकरीला असलेल्या आपल्या लेकीसुनांशी एकदा न रागावता बोलावे.

सोयाबीनची कथा मात्र आमच्या माळव्याच्या जिव्हाळ्याची आहे. पन्नास वर्षांत या काळ्या जमिनीने सोयाबीन आपलेसे केले, त्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही इंदुरातच आहे, आणि आता घरोघर कुजबुज अशी की त्यात 'बायकांचे संप्रेरक' असते, म्हणून ते विष. सोयाबीनच्या दाण्यात इस्ट्रोजेनसारखी दिसणारी द्रव्ये आहेत खरी. पण ती अंगात त्या संप्रेरकासारखा जोर करीत नाहीत, आणि शुद्ध केलेल्या तेलात तर ती नावालाही उरत नाहीत. चीनमधील शांघाय शहरात हा रोग होऊन गेलेल्या ५,०४२ स्त्रियांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील ज्या सोयाबीनचे पदार्थ अधिक खात, त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण कमीच आढळले. तेव्हा पत्रलेखिकेने तेलाचा डबा माळ्यावरून खाली काढावा. दुधानेही हा रोग होत नाही. साखर आणि गूळ हे सख्खे भाऊ आहेत. दोन्हींनी वजन वाढते. हळद आमटीत घालावी, ती अन्नाला रंग देते आणि रुची देते. प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत ती काय करते यावरून ती माणसाच्या अंगात कर्करोग रोखते असे ठरत नाही. शक्तीच्या गोळ्या घेऊन रोग टळेल असे वाटणाऱ्यांस १९९४ सालची फिनलंडमधील हकीकत सांगावी: २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला, आणि गाजरातल्या पिवळ्या द्रव्याच्या गोळ्या ज्यांना दिल्या, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला. गाजर खावे, गोळी नको.

येथे आक्काची आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. उपचार चालू असताना कोणीतरी तिला एक पुस्तिका आणून दिली. तिच्यात दूध, साखर, डाळ, मीठ सारे वर्ज्य होते आणि गव्हांकुराचा रस तेवढा ग्राह्य होता. आपल्या हातून पूर्वी काहीतरी चुकले, ही तिची समजूत एव्हाना पक्की झालीच होती. तिने ते व्रत निष्ठेने पाळले. दोन महिन्यांत तिचे वजन सात किलोंनी उतरले, रक्तातील पेशी घटल्या, औषधाची पुढची मात्रा लांबणीवर पडली. डॉक्टरांनी आम्हांला बाहेर बोलावून विचारले, "तुम्ही शिकलेली माणसं ना?" मग मुगाचे कढण, पनीर, ताजे दही, वरणभात आणि वर तूप, असे सुरू झाले. अंडे मात्र तिने अखेरपर्यंत घेतले नाही. उपचार सोसण्यासाठी अंगात बळ लागते, आणि ते बळ उपासाने येत नाही. एवढी साधी गोष्ट आम्हांला दोन महिने सुचली नाही.

रक्ताच्या नात्याविषयी थोडे. दर शंभर रुग्णांपैकी पाच ते दहांच्या बाबतीतच हा रोग आईबापांकडून आलेल्या सदोष जनुकामुळे होतो. १९९४ व १९९५ साली अशी दोन जनुके ओळखण्यात आली. लोक फक्त आई, मावशी, आजी यांच्याकडे पाहतात. बापाकडूनही ते येते. आक्का आमच्या कन्येची सख्खी आत्या. म्हणून तपासणीच्या वेळी तिने हे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. पुरुषांनाही, शंभरात एखाद्या रुग्णाच्या प्रमाणात, हा रोग होतो; छातीवरची गाठ पुरुषानेही दाखवावी.

हे सारे लिहिल्यावर हिशेब असा निघतो की, वय, पाळी, बाळंतपणे आणि जनुके यांवर आपली सत्ता नाही. वजन, चालणे आणि मद्य यांवर थोडी आहे. आणि ती सगळी वापरली तरी आक्कासारखी एखादी निघणारच. २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया याने गेल्या, असा जागतिक कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. ज्या देशांत गाठ लहान असतानाच दाखविली जाते, तेथे मृत्यूंचा आकडा नव्या रुग्णांच्या निम्म्यावर जात नाही.

यावर मुंबईत एक मोठा प्रयोग झाला. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली तो आरंभला, आणि वीस वर्षांनंतरचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. झोपडवस्त्यांत राहणाऱ्या, ३५ ते ६४ वर्षांच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रिया त्यात होत्या. निम्म्यांकडे दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविका जाई आणि नुसत्या हाताने तपासणी करी. यंत्र नाही, क्ष-किरण नाहीत, बोटे तेवढी. दुसऱ्या गटात ज्यांना रोग झाला, त्यांतील ४७ टक्के स्त्रियांचा रोग बराच पुढे गेल्यावर सापडला. तपासणीच्या गटात हे प्रमाण ३७ टक्क्यांवर आले. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांचे या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याहून तरुण स्त्रियांत असा लाभ दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण आक्का एकोणसाठ वर्षांची होती. आमच्या दोन खोल्यांत असल्या सेविकेची दहा मिनिटे तिच्या चाळीस वर्षांच्या उपवासांहून अधिक उपयोगी पडली असती, हा विचार आम्हांला आजही स्वस्थ बसू देत नाही.

म्हणून यादीच हवी असेल तर आम्ही ही देतो. स्तनात किंवा काखेत नवी गाठ. कातडीवर खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा. बोंड आत ओढले जाणे. त्यातून रक्तासारखा स्राव. एका बाजूच्या आकारात नवा बदल. यांतील काहीही दिसल्यास त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. दुखत नाही म्हणून थांबू नये, कारण या गाठी आरंभी बहुधा दुखत नाहीतच. आणि गाठ म्हणजे कर्करोगच अशा भीतीनेही थांबू नये, कारण बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी करावी, असे केंद्र सरकारचे २०१६ पासूनचे धोरण आहे. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात त्याची चौकशी करावी. 'बायकांचे दुखणे' म्हणून जे आपल्या घरांत पदराआड ठेवले जाते, ते जेवणाच्या पंक्तीत बोलले गेले तरी चालेल, असे आम्ही आता म्हणतो. आमच्या आईच्या हयातीत आम्ही हे वाक्य लिहिले नसते.

आक्का शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षे चांगली होती. शेवटच्या वर्षी रोग हाडांत उतरला आणि २०२२ च्या कार्तिकात ती गेली. त्या अखेरच्या हिवाळ्यांपैकी एका संध्याकाळी आम्ही तिला सराफ्यात नेले होते. तिने जन्मात पहिल्यांदा गराडू खाल्ले, आणि "तिखट फार आहे" म्हणत दुसरा दोनाही मागितला. तिच्या त्या रात्रीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या दिवशी दिले: "आक्का, तुझं खाण्यात काही चुकलं नव्हतं." ती म्हणाली, "मग हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

पत्रलेखिकेविषयी सांगावयाचे राहिले. दूरध्वनीवर त्या प्रथम म्हणाल्या, नवरात्र झाल्यावर पाहू. सौभाग्यवतींनी फोन सासूबाईंकडे मागितला. दोघींचे काय बोलणे झाले ते आम्हांला कळू दिलेले नाही. पण सोमवारी सासूबाई स्वतः त्यांना घेऊन जिल्ह्याच्या रुग्णालयात गेल्या. डॉक्टरांनी हाताने तपासले, छायाचित्र काढविले आणि सुईने पेशी काढून घेतल्या. अहवाल आठवड्याने मिळेल, म्हणजे हा मजकूर छापखान्यात गेल्यानंतर. त्या दिवशी घरी स्वयंपाक त्यांच्या यजमानांनी केला. आणि तो सोयाबीनच्या तेलातच केला, कारण दुसरे तेल कोठे ठेवले आहे ते त्यांना ठाऊक नव्हते.